बेळगावचे बाबा पदमनजी : पापाची जाणीव आणि देवाचे आपलेपण

आपल्या भागात अनोळखी मूल दारात आले की घरातली वडीलधारी माणसे त्याचे नाव आधी विचारत नाहीत. तू कुणाचा, असे विचारतात. उत्तरात वडिलांचे नाव येते, गल्ली येते, गाव येते आणि बहुधा कुणी न विचारलेली जातही येते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात हा प्रश्न मराठीत विचारला जातो तसाच कन्नडमध्येही विचारला जातो. माणसाची ओळख तो कोण यापेक्षा तो कुणाचा यावरून ठरते, ही आपली जुनी रीत आहे.

आज सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आम्ही ज्यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहोत, त्या बाबा पदमनजींच्या आयुष्यात या प्रश्नाने मोठी उलथापालथ केली. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने त्यांचे नाव एका ओळीत ऐकलेले असते. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या यमुनापर्यटन या मराठीतील पहिल्या कादंबरीचे ते लेखक. परीक्षेपुरते तेवढे पुरते. पण ते आपल्या बेळगावात जन्मले, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले आणि इथेच १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. त्यांनी धर्म का बदलला, एवढेच सांगून भागत नाही. पाप म्हणजे काय आणि आपण कुणाचे, हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र कसे बांधले, हे समजून घ्यायला हवे. आपल्या मंडळात सर्व धर्मांची कुटुंबे आहेत. त्यांचे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही. पण प्रश्न आपल्या सर्वांचे आहेत.

त्या काळचे बेळगाव

बाबांचा जन्म मे १८३१ मधला. पेशवाई बुडून तेव्हा तेरा वर्षे झाली होती. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे शेजारी लष्करी छावणी, म्हणजे आजचा आपला कॅम्प, वसत गेली. पेठेत मराठी आणि कन्नड, मोहल्ल्यांत उर्दू, घाटाखालून आलेल्या लोकांची कोकणी, छावणीत मद्रासकडच्या शिपायांची तमिळ आणि साहेबांची इंग्रजी, अशा गावात हा मुलगा वाढला.

त्याच्या जन्माआधी सातच वर्षे, १८२४ मध्ये, कित्तूरचे युद्ध झाले होते. कित्तूरच्या गादीवर घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही, म्हणून राणी चन्नम्मा लढल्या आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. बाबा आठ वर्षांचे असताना निपाणीकर देसाई सिद्धोजीराव निंबाळकर वारले. मान्य वारस नाही म्हणून त्यांची जहागीर सरकारजमा झाली. कोण कुणाचा, हे कोण ठरवणार, या प्रश्नावरून आपल्या टापूत संस्थाने गेली, माणसे मेली. ही पार्श्वभूमी आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण दत्तक हा शब्द पुढे वेगळ्या अर्थाने पुन्हा येणार आहे.

बाबांचे घराणे कासार ज्ञातीचे, आडनाव मुळे. वडिलांचे नाव पदमनजी. वडील कंपनी सरकारच्या नोकरीत असल्यामुळे घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती आणि मुलाला शिकवावे ही दृष्टीही होती. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० पासून बेळगावात काम सुरू केले होते. जोसेफ टेलर आणि विल्यम बेनन हे तिथले जुने पाद्री. त्यांच्या मिशनने चालवलेल्या इंग्रजी शाळेत बाबा शिकले. बेनन स्मिथ हायस्कूल या नावाने बेळगावकरांना जी शाळा माहीत आहे, ती याच मिशनच्या परंपरेतली.

घरात शिकलेले पाप

लहानपणी बाबा अतिशय भाविक होते. घरात पोथ्यापुराणांचे वाचन होई, देवपूजा, उपासतापास, सोवळेओवळे सारे काटेकोर. अशा घरातल्या मुलाला पाप हा शब्द कुणी मुद्दाम शिकवावा लागत नाही. एकादशीला चुकून दाणा तोंडात गेला तर पाप. सोवळ्यात शिवाशिव झाली तर पाप. देवाला बोललेला नवस फेडायचा राहिला तर पाप. प्रत्येक पापाला उताराही ठरलेला होता. स्नान करावे, उपास करावा, दानदक्षिणा द्यावी, तीर्थाला जाऊन यावे. जमाखर्चाच्या वहीसारखा हा हिशेब होता. एका बाजूला नावे पडे, दुसऱ्या बाजूला जमा करता येई.

आम्ही इथे एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. हिंदू परंपरेतला पापाचा विचार एवढाच नाही. आपल्या वारकरी संतांनी मनाच्या मळाविषयी जे लिहिले आहे ते वाचताना कुणाही श्रोत्याचे डोळे भरून येतात. स्वतःला पतित म्हणवून घेणे आणि देवाला पतितपावन म्हणणे ही मराठी कानांना नवी गोष्ट नव्हती. पण कीर्तनात ऐकलेला हा विचार आणि रोजच्या घरातला हिशेब यांत अंतर होते. बाबांच्या वाट्याला अधिक आला तो हिशेब. आणि ज्याचे मन हळवे असते त्याला हा हिशेब कधीच पुरा झाल्यासारखा वाटत नाही. आज फेडले, उद्या पुन्हा चढले.

शाळेत ऐकलेले पाप

मिशनच्या शाळेत बायबलचे वाचन रोजचे होते. तिथे मुलाच्या कानावर पापाची निराळी कल्पना पडली. ती थोडक्यात अशी.

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे पाप म्हणजे केवळ वाईट कृत्यांची यादी नव्हे. माणूस देवाने देवासाठी घडवला. पण तो देवाकडे पाठ फिरवून स्वतःलाच मध्यभागी ठेवतो. पाठ फिरवणे हे मूळ पाप, आणि खोटे बोलणे, चोरी, व्यभिचार, गर्व, दुसऱ्याला तुच्छ लेखणे ही त्याची फळे. आदाम आणि हव्वा यांच्या कथेतून ही गोष्ट सांगितली जाते. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात आणि पुढे पाचव्या शतकाच्या सुमारास संत ऑगस्टीनने ती अधिक खोलवर मांडली. बाबांचा पुढे ज्या स्कॉटिश मिशनशी संबंध आला त्यांच्या परंपरेत तर ती फार कडक भाषेत शिकवली जाई. माणसाचा कोणताही भाग, त्याची बुद्धी, त्याची इच्छा, त्याचे सत्कर्मसुद्धा, या बिघाडातून सुटलेला नाही, असे तिचे म्हणणे. याचा अर्थ प्रत्येक माणूस पराकोटीचा दुष्ट आहे असा नव्हे. बिघाड सगळीकडे थोडाथोडा पोचलेला आहे, एवढाच.

कासाराच्या पेठेतले उदाहरण घेतले तर ही गोष्ट चटकन समजेल. पितळेचे पातेले राखेने आणि चिंचेने घासले की बाहेरून लखलखते. पण आतली कल्हई उडाली असेल तर त्यात केलेली आमटी कळकते. कितीही घासा, दोष घासण्यात नाही. भांड्याला पुन्हा कल्हई हवी, आणि भांडे स्वतःला कल्हई करू शकत नाही. त्यासाठी भट्टी लागते आणि दुसऱ्याचा हात लागतो. ख्रिस्ती विचारात या दुसऱ्या हाताला कृपा म्हणतात. ख्रिस्ताच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने ती माणसाला मिळते, अशी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे.

हिशेबाच्या वहीत वाढलेल्या मुलाला ही शिकवण एकाच वेळी भीतीची आणि सुटकेची वाटली असेल. भीतीची, कारण उताऱ्याचे सगळे मार्ग ती बंद करते. सुटकेची, कारण वही बंद करण्याचे काम ती माणसाच्या अंगावर टाकत नाही.

मुंबई आणि गुप्त सभा

१८४० च्या दशकाच्या अखेरीस बाबा पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला गेले. आगगाडी अजून यायची होती. बेळगावहून मुंबईला जायचे तर एक वाट संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर, सातारा करत पुण्याकडे जाई, दुसरी घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराला. मुंबईत ते डॉक्टर जॉन विल्सन यांच्या फ्री चर्च मिशनच्या विद्यालयात शिकले. आजच्या विल्सन कॉलेजचे मूळ तेच. तिथे नारायण शेषाद्री यांच्यासारखे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण शिक्षक होते. १८४३ मध्ये नारायणरावांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या लहान भावाला, श्रीपतीला, कोर्टाच्या हुकमाने मिशनमधून घरी परत पाठवण्यात आले होते. मिशनघरात जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही यावर शास्त्रीमंडळींत मोठा वाद माजला होता. तो पोरगा कुणाचा, हा प्रश्न त्या वर्षी सगळ्या मुंबईत गाजला.

मुंबईत बाबा परमहंस सभेचे सभासद झाले. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही सुधारकांची सभा जातिभेद आणि मूर्तिपूजा मानत नसे. दादोबा पांडुरंग हे तिच्या संस्थापकांपैकी. परंतु सभेचा सगळा कारभार गुप्तपणे चाले. बंद दाराआड सभासद निरनिराळ्या जातींचे असूनही एकत्र जेवत, परजातीच्या माणसाने भाजलेला पाव खात, आणि दार उघडून घरी गेले की पुन्हा सोवळ्यात बसत. या सभेविषयी आज जी माहिती मिळते तिचा बराच भाग बाबांच्याच आठवणींतून आलेला आहे.

या वर्षांत बाबांची लेखणीही चालू झाली. स्त्रियांच्या शिक्षणाविषयी त्यांनी १८५२ मध्ये निबंध लिहिला. व्यभिचाराच्या निषेधार्थ लिहिलेले पुस्तक १८५४ चे. म्हणजे समाजात पाप कुठे आहे हे त्यांना स्वच्छ दिसत होते. बायकांना अडाणी ठेवणारा समाज, नायकिणींकडे जाऊन घरी कुलीनतेचा आव आणणारा पुरुष, हे सगळे त्यांनी मांडले. ख्रिस्ती धर्मच खरा, हेही पुस्तके वाचून, वादविवाद ऐकून त्यांच्या बुद्धीला पटत चालले होते.

आणि तरीही ते थांबले होते. महिने गेले, वर्षे गेली. पुढे १८८८ मध्ये त्यांनी अरुणोदय हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील आत्मचरित्रांपैकी ते एक. ते वाचताना आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा थांबलेला काळ. पहाट एकाएकी होत नाही, उजाडायला वेळ लागतो, हेच त्या पुस्तकाच्या नावात आहे.

थांबण्याचे कारण बुद्धीत नव्हते, भीतीत होते. आईवडिलांना काय वाटेल, जात काय म्हणेल, उद्या आपण कुणाचे राहू. परमहंस सभेची गुप्तता त्यांना अपुरी वाटू लागली ती यामुळेच. जे सत्य म्हणून मानतो ते उजेडात सांगायचे नाही, हे त्यांना सलू लागले. आमच्या समजुतीप्रमाणे पापाविषयीचा त्यांचा विचार इथे वळला. लहानपणी पाप वस्तूंत होते, शिवाशिवीत होते. तरुणपणी ते समाजात दिसले, दुसऱ्यांत दिसले. आता ते स्वतःत दिसले, आणि तेही कोणत्या मोठ्या गुन्ह्याच्या रूपात नाही. सत्य कळूनही माणसांच्या भीतीने गप्प बसणे, इतके ते साधे होते. ज्याने कधी चोरी केली नाही, व्यसन केले नाही, अशा सुशिक्षित, सुस्वभावी तरुणाला आपण पापी आहोत हे पटणे सर्वांत कठीण असते. बाबांना ते आपल्या भित्रेपणातून पटले.

१८५४, बेळगाव

शेवटी निर्णय झाला तो मुंबईत नाही, आपल्या गावात झाला. १८५४ मध्ये बेळगावात बाबांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. परक्या शहरात, जिथे कुणी ओळखत नाही तिथे, हे करणे सोपे गेले असते. ज्या गल्ल्यांत त्यांना लोक पदमनजींचा मुलगा म्हणून ओळखत होते तिथेच त्यांनी ते उघडपणे केले.

याची किंमत काय होती हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला जात त्या दिवसापासून बाटलेला समजे. त्याच्या हातचे पाणी घरात चालत नसे. पंगतीत त्याचे पान मांडले जात नसे. सणावाराला, लग्नाकार्याला, आईच्या आजारपणातसुद्धा तो उंबऱ्याबाहेरचा. धर्म किंवा जात सोडल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये असा कायदा सरकारने १८५० मध्ये केला होता खरा. पण कायद्याने जमिनीचा तुकडा मिळवून देता येतो, चुलीजवळची जागा मिळवून देता येत नाही. पुढे १८६६ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जोडीदार यायला तयार नसेल तर त्या विवाहाचे काय करायचे, यासाठी आणखी एक कायदा करावा लागला. अशा घरांची संख्या थोडी होती, पण प्रत्येक घरात रडणे खरे होते. घरच्यांचा राग समजून घ्यायला हवा. ज्या मुलाच्या हातून पिंडदान व्हायचे तो मुलगा त्यांच्या दृष्टीने या जन्मातून आणि पुढच्या जन्मातूनही तुटला होता.

कुणाचे झाले?

इथे ख्रिस्ती विचारातली दुसरी बाजू येते. पापाची शिकवण एकटी सांगितली तर ती माणसाला चिरडून टाकते. तिच्या जोडीला आपलेपणाची शिकवण आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे १५६३ मध्ये एक प्रसिद्ध प्रश्नोत्तरावली तयार झाली. जगभरच्या अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये ती आजही शिकवतात. तिची सुरुवात पापापासून होत नाही. जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता, असा तिचा पहिला प्रश्न आहे. मी माझा स्वतःचा नाही, देहाने आणि जिवाने ख्रिस्ताचा आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. पापाचा विषय त्यानंतर येतो. आधी कुणाचा ते सांगायचे, मग बिघाड दाखवायचा, हा तो क्रम.

संत पौलाने हे नाते सांगताना दत्तकाचा दाखला वापरला आहे. देव माणसाला दत्तक घेतो, मग तो गुलाम राहत नाही, मुलगा होतो आणि वारस होतो. कित्तूर आणि निपाणीच्या मुलखातल्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे दत्तक मान्य करणे वा न करणे सरकारच्या मर्जीवर होते आणि नामंजुरीने राज्य जात होते. हा दत्तक मात्र कुणा कलेक्टरच्या हाती नव्हता. तो मिळायला कुळ लागत नव्हते, जात लागत नव्हती, पूर्वीचे पुण्यही लागत नव्हते.

यातच त्या शिकवणीची सामाजिक धारही होती. सगळेच पापी असतील तर पंगतीत वरचे पान कुणाचे? ब्राह्मण आणि महार, साहेब आणि शिपाई, पुरुष आणि विधवा, सगळे एकाच रांगेत उभे राहतात. मिशनच्या मंडळ्यांनी हे नेहमी पाळले असे मात्र म्हणता येत नाही. जातीचे भेद अनेक चर्चमध्ये घुसले, आणि गोऱ्या पाद्र्याची खुर्ची देशी पाद्र्याच्या खुर्चीपेक्षा बहुधा उंच राहिली. पण त्यामुळे शिकवण खोटी ठरते असे नाही. उलट माणसात बिघाड आहे, धर्मसंस्थेतही आहे, हे तिचेच म्हणणे खरे ठरते.

आता एक साधी गोष्ट पाहू. बाप्तिस्म्यानंतर बाबांनी कोणतेही साहेबी नाव घेतले नाही. ते जन्मभर बाबा पदमनजी या नावानेच लिहीत राहिले. मुळे हे आडनावही त्यांच्या पुस्तकांवर सहसा दिसत नाही. दिसते ते वडिलांचे नाव. ज्या घरापासून धर्माने त्यांना दूर नेले, त्या घरातल्या बापाचे नाव त्यांच्या पुस्तकांवर छापले गेले. देवाचे होणे म्हणजे बापाचे नाव पुसणे, असे त्यांना वाटले नसावे. भाषाही त्यांनी सोडली नाही. पोशाख, रीतभात, लेखन या सगळ्यात ख्रिस्ती माणसाने मराठी राहावे, या विचाराचे ते आरंभीचे एक उदाहरण आहेत. चाळीस वर्षांनी, १८९५ मध्ये, नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांनी संतांच्या अभंगपरंपरेत ख्रिस्तभक्ती गायिली, तेव्हा ती वाट पुष्कळ रुंद झाली. पण पायवाट आधी पडलेली होती.

लेखणीचे आयुष्य

बाप्तिस्म्यानंतर बाबांचे बरेच आयुष्य पुण्यात आणि मुंबईत गेले. त्यांनी शिक्षकाचे काम केले, काही वर्षे पाळकाचे काम केले, आणि नंतर मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकसंस्थांसाठी लेखन आणि संपादन केले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके आहेत. सत्यदीपिका आणि कुटुंबमित्र या नियतकालिकांचे त्यांनी संपादन केले. नव्या करारावर मराठीत भाष्य लिहिले. मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी केलेला सुटसुटीत संक्षेप १८६३ मध्ये निघाला आणि तो विद्यार्थ्यांच्या फार उपयोगी पडला.

यमुनापर्यटन ही कादंबरी निघाली ते वर्ष १८५७. आदल्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली होती. यमुना ही शिकलेली मुलगी नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगाव विधवांच्या कहाण्या ऐकते. कुणाचे केशवपन झालेले, कुणी उपाशी ठेवलेली, कुणी फसवली गेलेली. पुढे यमुनेवरच वैधव्य येते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

या कादंबरीकडे समाजसुधारणेचे पुस्तक म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण पापाच्या विषयाशी तिचा जवळचा संबंध आहे. त्या काळी विधवा होणे हेच बाईच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाई. नवरा मेला म्हणजे हिच्या पायगुणाने मेला. म्हणजे जिच्यावर दुःख कोसळले तिच्याच माथी पाप मारायचे. बाबांनी तो हिशेब उलटा केला. पाप विधवेचे नाही, तिला छळणाऱ्यांचे आहे. आणि ते छळणारे राक्षस नाहीत, ती देवभोळी सासू आहे, अब्रूला जपणारा सासरा आहे, गप्प बसणारा शेजार आहे. चांगल्या माणसांच्या हातून, धर्म म्हणून, काय घडते, हे दाखवणे म्हणजेच पाप सगळीकडे पोचलेले आहे हे दाखवणे.

न पटणाऱ्या गोष्टी

बाबांचे सगळेच लेखन आज आपल्याला रुचणार नाही. कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना करणारे त्यांचे पुस्तक हिंदू वाचकांना दुखावणारे होते. आपल्या जुन्या धर्माविषयी ते अनेकदा कठोर लिहीत. त्या काळचा वाद दोन्ही बाजूंनी असाच चाले. विष्णुबावा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद करत होते तेव्हा तेही मवाळ नव्हते. तरी एवढे खरे की, ज्या संतपरंपरेत पतित आणि पावन हे दोन्ही शब्द एकत्र नांदत होते, तिच्याकडे बाबांनी टिळकांइतक्या मायेने पाहिले नाही.

दुसरा आक्षेप खुद्द शिकवणीवर घेतला जातो. माणसाला पापी म्हणत राहिले तर तो खचतो, त्याचा आत्मविश्वास जातो, असे अनेक जण म्हणतात. लहान मुलांच्या बाबतीत तर ही काळजी खरीच आहे. पापाची भीती घालून मुले वळणावर येत नाहीत, लपवायला शिकतात. बाबांच्या आयुष्यातून आम्ही जे समजतो ते असे. पाप हा शब्द दुसऱ्याला मारायला वापरला की तो दगड होतो. स्वतःविषयी, आणि तेही आपलेपणाच्या छायेत वापरला, तर तो औषधासारखा लागू पडतो. ज्याला आपण कुणाचे आहोत याची खात्री असते त्यालाच आपला दोष उघड कबूल करता येतो. घरात तेच मूल हातून बरणी फुटल्याचे सांगते, ज्याला ठाऊक असते की सांगितल्यावरही आपण या घरचेच राहणार.

आणि आपल्या सीमाभागाला तर याची विशेष गरज आहे. १९५६ पासून आपण कुणाचे हा प्रश्न आपल्या भागात पाट्यांवर, मोर्च्यांत आणि न्यायालयात विचारला जातो. त्याची तड जेव्हा लागायची तेव्हा लागो. पण आपण कुणाचे हे ठरवताना समोरचा कमी प्रतीचा ठरवलाच पाहिजे असे नाही. बेळगावात जन्मलेल्या, अनेक भाषांच्या गजबजाटात वाढलेल्या, जात सोडूनही बापाचे नाव न सोडलेल्या आणि धर्म बदलूनही मराठी न बदललेल्या या माणसाचे आयुष्य तेवढे तरी नक्की सांगते.

बाबा पदमनजी २९ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबईत वारले. तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या मागे राहिली ती मुख्यतः पुस्तके. त्यांतले यमुनापर्यटन आजही वाचायला मिळते. भाषा जुनी आहे, पण आजीने मोठ्याने वाचली आणि नातवंडांनी ऐकली तर चार पानांत कानाला सवय होते. अरुणोदयही शोधून वाचावे. त्यात आपल्याच गावातला एक मुलगा भेटतो. त्याला देव हवा होता, आईवडीलही हवे होते, आणि दोन्हींच्या मध्ये उभे राहून खरे बोलायला त्याला काही वर्षे लागली.